घर तेच, राज्य निराळे : सदलग्याच्या मतदाराने काय जाणावे?

जर्मनीत नोकरीनिमित्त जाऊन तेथेच स्थिरावलेल्या आपल्याकडील एखाद्या अभियंत्याने त्या देशाचे नागरिकत्व मागितले, तर सामान्यतः त्यास एका परीक्षेस बसावे लागते. सप्टेंबर २००८ पासून ही पद्धत तेथे रूढ आहे. एका तासात तेहतीस प्रश्न सोडवावयाचे आणि त्यांपैकी निदान सतरांची उत्तरे बरोबर यावयास हवीत. सरकारचा प्रमुख कोण निवडतो, विरोधी पक्षाचे काम काय, मतदान गुप्त असते म्हणजे काय, अशा स्वरूपाचे हे प्रश्न असतात. तेहतिसांपैकी तीन प्रश्न तर तो मनुष्य ज्या घटकराज्यात राहतो, केवळ त्या राज्यासंबंधीचे असतात. ज्या राज्याच्या छत्राखाली आपण राहावयाचे, त्याची राजधानी कोणती आणि तेथील स्थानिक निवडणुकीत कोणत्या वयापासून मत देता येते, एवढे तरी नव्या नागरिकास ठाऊक असावे अशी ही अपेक्षा आहे.

आपल्या देशात जन्मलेल्या नागरिकास असा एकही प्रश्न कोणी विचारीत नाही. वयाची अठरा वर्षे पुरी झाली की तो मतदार होतो. १९८९ पर्यंत हीच मर्यादा एकवीस वर्षांची होती. मताधिकारास शिक्षणाची वा परीक्षेची अट घालावयाची नाही, हा घटनाकारांचा निर्णय दूरदृष्टीचा होता, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु कोणी प्रश्न विचारीत नाही म्हणून उत्तरे जाणून घेण्याची गरज संपते असे मात्र नव्हे. आणि ज्या माणसाचे राज्यच त्याच्या पायाखालून बदलले, त्याच्या बाबतीत तर ही गरज दुप्पट होते.

बेळगाव जिल्ह्याच्या उत्तर टोकास, दूधगंगेच्या काठी वसलेल्या सदलगा या गावाची कथा नेमकी अशी आहे. ३१ ऑक्टोबर १९५६ रोजी हे गाव मुंबई राज्यात होते. १ नोव्हेंबरची सकाळ उजाडली तेव्हा राज्य पुनर्रचना कायद्यान्वये ते म्हैसूर राज्यात गेलेले होते. १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले आणि २०१४ मध्ये बेळगावचे सरकारी नाव बेळगावी झाले. सदलग्याच्या माणसाने मात्र आपला उंबरठा कधी ओलांडला नाही. इंदूरच्या, बडोद्याच्या किंवा तंजावरच्या मराठी कुटुंबांचे पूर्वज स्वतः प्रवास करून परमुलखात गेले. सीमाभागातील मराठी कुटुंब जागचे हलले नाही, मुलूखच त्याच्याभोवती बदलला. नव्या राज्याची कार्यालये कोणती, तेथील कागदांची भाषा कोणती, गाऱ्हाणे कोणाकडे न्यावयाचे, याचा पाठ त्यास कोणी दिला नाही. तो आपला आपणच गिरवावा लागला, आणि अनेक घरांत तो आजही अपुराच राहिला आहे.

सीमावादाचा न्याय-अन्याय हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. तो प्रश्न आपल्या ठिकाणी आहे. परंतु तो सुटेपर्यंत रोजचे आयुष्य थांबत नाही. नळाचे पाणी, शेताचा उतारा, मुलाची शाळा, म्हाताऱ्या आईचे निवृत्तिवेतन या गोष्टींसाठी आजच्या आज कोणते तरी दार ठोठवावे लागते. चुकीचे दार ठोठावले, तर हक्क असूनही पदरी काही पडत नाही. सदलग्याच्या मतदाराने जाणावयाच्या या गोष्टी परराज्यात राहणाऱ्या प्रत्येक मराठी घरासही थोड्याफार फरकाने लागू आहेत, म्हणून त्यांचा येथे विस्ताराने विचार करू.

एक मतदार, अनेक मते

‘मत दिले’ असे आपण एकवचनात म्हणतो. वस्तुतः सदलग्याच्या रहिवाशास निरनिराळ्या प्रसंगी निरनिराळी मते द्यावयाची असतात आणि प्रत्येकाचे कार्य भिन्न आहे.

लोकसभेसाठी सदलगा चिकोडी मतदारसंघात येतो. हा मतदारसंघ दीर्घकाळ अनुसूचित जातींसाठी राखीव होता, आणि १९६७ पासून १९९१ पर्यंतच्या प्रत्येक निवडणुकीत बी. शंकरानंद तेथून निवडून आले. २००९ पासून तो सर्वसाधारण झाला. विधानसभेसाठी पूर्वी ‘सदलगा’ नावाचा स्वतंत्र मतदारसंघ होता. २००८ च्या पुनर्रचनेत तो मागे पडून ‘चिकोडी-सदलगा’ असा जोडमतदारसंघ झाला. निपाणीचा मतदारसंघ वेगळा आहे. मतदारसंघाच्या सीमा शासनाच्या लहरीने बदलत नाहीत. त्यासाठी कायद्याने नेमलेला परिसीमन आयोग असतो. तो आपला मसुदा प्रसिद्ध करतो, हरकती व सूचना मागवितो आणि त्यांवर जाहीर बैठका घेतो. आपले गाव कोणत्या मतदारसंघात जावे याविषयी बोलण्याची वेळ तीच होय. अंतिम आदेश निघाल्यानंतर केलेली तक्रार बहुधा वाया जाते.

तिसरे मत पुरसभेचे. कर्नाटकाच्या नगरपालिका कायद्यान्वये साधारणतः दहा ते वीस हजार वस्तीच्या गावास ‘पट्टण पंचायत’, वीस ते पन्नास हजारांच्या गावास ‘पुरसभा’ आणि त्याहून मोठ्या शहरास ‘नगरसभा’ असते. सदलग्यास पुरसभा आहे. महाराष्ट्रात ज्यास आपण नगरपालिका म्हणतो तीच ही संस्था. पाणीपुरवठा, गटारे, रस्त्यावरील दिवे, घरपट्टी, बांधकामाचा परवाना, जन्ममृत्यूची नोंद ही तिची कामे. नगरसेवक लोक निवडतात, अध्यक्ष नगरसेवकांतून निवडला जातो आणि अध्यक्षपदाचे आरक्षण आळीपाळीने फिरते. मुख्याधिकारी मात्र शासनाचा नोकर असतो. त्या भागाचे आमदार आणि खासदार हेही पुरसभेचे सदस्य असतात, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानी येते.

सदलग्याच्या भोवतालच्या खेड्यांत पुरसभेच्या जागी ग्रामपंचायत असते. कर्नाटकात ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षांच्या चिन्हांवर लढविली जात नाही. तिच्यावर तालुका पंचायत आणि जिल्हा पंचायत अशा आणखी दोन पायऱ्या आहेत. ज्या काळी देशात पंचायत राज्य बहुतांशी कागदावर होते, त्या काळी, १९८७ मध्ये, रामकृष्ण हेगडे यांच्या मंत्रिमंडळातील अब्दुल नझीर साब यांच्या प्रयत्नाने कर्नाटकात जिल्हा परिषदांच्या निवडणुका झाल्या आणि स्त्रियांसाठी पंचवीस टक्के जागा राखण्यात आल्या. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या व चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्त्यांच्या आधीची ही गोष्ट आहे. त्याच राज्यात पुढे २०१६ मध्ये निवडून आलेल्या तालुका व जिल्हा पंचायतींची मुदत २०२१ मध्ये संपली, तेव्हा नव्या निवडणुका वेळेवर झाल्या नाहीत आणि कारभार अधिकाऱ्यांच्या हाती राहिला. मताधिकार कागदावर असणे आणि मतदान वेळेवर होणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे यावरून दिसते.

याखेरीज एक मत असे आहे की, ते पुष्कळ सुशिक्षितांना माहीतच नसते. महाराष्ट्राप्रमाणे कर्नाटकातही विधान परिषद आहे. तिच्या पंचाहत्तर सदस्यांपैकी काही पदवीधरांनी व काही शिक्षकांनी निवडावयाचे असतात. बेळगाव जिल्हा वायव्य कर्नाटक पदवीधर मतदारसंघात मोडतो. पदवी मिळून तीन वर्षे झालेल्या रहिवाशास, मग ती पदवी कोल्हापूरच्या विद्यापीठाची का असेना, तेथे मत देता येते. तथापि या मतदारसंघाची यादी प्रत्येक निवडणुकीपूर्वी नव्याने तयार होते. मागच्या खेपेस नाव होते म्हणून या खेपेस असेलच असे नाही. अर्ज पुन्हा करावा लागतो. पुरसभेचे व पंचायतींचे सदस्य तर स्थानिक संस्थांच्या मतदारसंघातून विधान परिषदेवर प्रतिनिधी पाठवितात. म्हणजे गल्लीतला नगरसेवक निवडताना आपण बंगळूरच्या वरिष्ठ सभागृहाच्या एका मतदाराचीही निवड करीत असतो.

नाव नेमके कोठे असावे?

सीमेवरच्या घराचे दोन्ही बाजूंस नाते असते. शेती सदलग्यास, नोकरी इचलकरंजीस, लेक कागल तालुक्यात दिलेली आणि सून शिरोळ तालुक्यातून आणलेली. अशा घरात मतदार यादीचा घोटाळा सहज होतो.

नियम साधा आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार मनुष्य जेथे सामान्यतः राहतो तेथेच त्याचे नाव असावे. केवळ घर वा जमीन मालकीची आहे एवढ्यावरून तो तेथला मतदार ठरत नाही. उलट थोड्या दिवसांसाठी गाव सोडल्याने त्याचा हक्क जातही नाही. एका मतदारसंघात दोनदा किंवा दोन मतदारसंघांत एकेकदा नाव ठेवण्यास कायद्याची मनाई आहे, मग ते मतदारसंघ एकाच राज्यात असोत वा दोन. अर्जात जाणूनबुजून खोटे निवेदन केल्यास एक वर्षापर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते. ‘इकडेही असू दे, तिकडेही असू दे’ ही सीमाभागातील जुनी सवय म्हणूनच सोडावयास हवी.

नव्याने नाव घालण्यासाठी नमुना सहा, नाव वगळण्यासाठी वा कोणाच्या नावास हरकत घेण्यासाठी नमुना सात, आणि पत्ता बदलण्यासाठी वा चूक दुरुस्त करण्यासाठी नमुना आठ भरावयाचा असतो. लग्न होऊन दुसऱ्या राज्यातून आलेल्या सुनेने नमुना आठ भरला म्हणजे तिचे नाव माहेरच्या यादीतून निघून सासरच्या यादीत येते. पूर्वी वय मोजण्याची तारीख वर्षातून एकच, म्हणजे १ जानेवारी, असे. २०२२ पासून जानेवारी, एप्रिल, जुलै व ऑक्टोबर या चार महिन्यांच्या पहिल्या तारखा धरल्या जातात, आणि सतरा वर्षे पुरी झालेल्या मुलामुलींस आगाऊ अर्ज करता येतो.

अर्ज फेटाळला गेला तर निराश होऊन घरी बसण्याचे कारण नाही. नोंदणी अधिकाऱ्याच्या निर्णयावर पंधरा दिवसांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते, आणि तेथेही दाद न मिळाल्यास तीस दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे जाता येते. मतदानाच्या दिवशी आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेल्याचे आढळले, तर केंद्रावरून परत फिरू नये. ओळख पटवून ‘प्रदत्त मत’ मागण्याचा आपणास अधिकार आहे. ते कागदी मतपत्रिकेवर घेतले जाते व वेगळे ठेवले जाते. निकाल न्यायालयात गेला तर त्या मतास किंमत येऊ शकते.

लोकसभा-विधानसभेच्या याद्या व निवडणुका भारत निवडणूक आयोगाकडे, तर पुरसभा-पंचायतींच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाकडे असतात. हे दोन आयोग वेगळे आहेत. विधानसभेच्या यादीत नाव पाहिले म्हणून पुरसभेच्या प्रभागाची यादी पाहावयाचे टाळू नये. प्रभागांची वाटणी करताना एखादी गल्ली भलत्याच प्रभागात जाण्याचा संभव असतो.

चारशे छप्पन उमेदवार

मताचा उपयोग केवळ प्रतिनिधी निवडण्यासाठी नव्हे, तर गाऱ्हाणे वेशीवर टांगण्यासाठीही करता येतो काय, याचा एक मोठा प्रयोग याच जिल्ह्यात झाला. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत बेळगाव मतदारसंघातून चारशे छप्पन उमेदवार उभे राहिले. सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधावे म्हणून महाराष्ट्र एकीकरण समितीने मोठ्या संख्येने माणसे उभी केली होती. त्याच वर्षी आंध्रातील नलगोंडा मतदारसंघात पाण्याच्या प्रश्नावरून चारशे ऐंशी, तर तमिळनाडूतील मोडकुरिची या विधानसभा मतदारसंघात एक हजार तेहतीस उमेदवार रिंगणात होते.

देशाचे लक्ष वेधले गेले, यात शंका नाही. परंतु बेळगावातून निवडून आले ते जनता दलाचे शिवानंद कौजलगी, आणि संसदेने लक्ष दिले ते निराळ्याच दिशेने. त्याच वर्षी लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती होऊन लोकसभेच्या उमेदवाराची अनामत रक्कम पाचशे रुपयांवरून दहा हजारांवर आणि विधानसभेची अडीचशेवरून पाच हजारांवर नेण्यात आली. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवारास एक सूचक पुरतो, इतरांस दहा सूचक हवेत, असे ठरले. २०१० पासून तर या रकमा अनुक्रमे पंचवीस हजार व दहा हजार झाल्या आहेत. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांस त्यांच्या निम्मी रक्कम भरावी लागते. वैध मतांच्या एकषष्ठांशाहून अधिक मते न मिळाल्यास अनामत जप्त होते.

ज्या मार्गाने दुर्बलांनी आपला आवाज उठविला, तोच मार्ग पुढच्या दुर्बलांना महाग झाला, असा या प्रयोगाचा एक परिणाम म्हणावा लागेल. तो केलाच नसता तर बरे झाले असते, असा याचा अर्थ नाही. लोकशाहीतील प्रत्येक साधनास किंमत असते आणि साधन वापरण्यापूर्वी ती समजून घ्यावी, एवढाच बोध त्यातून घ्यावयाचा. आज उमेदवारांविषयीची नापसंती नोंदविण्यासाठी २०१३ पासून मतयंत्रावर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ असा पर्याय आहे. परंतु त्यास कितीही मते पडली तरी लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकीत निवडून येतो तो उमेदवारांमध्ये सर्वाधिक मते मिळविणाराच.

सीमेविषयी निर्णय कोण घेऊ शकतो, हेही येथेच सांगितले पाहिजे. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदान्वये संसदेचा आहे. संबंधित विधानसभेचे मत मागविले जाते, पण ते संसदेवर बंधनकारक नसते. १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ मध्ये अहवाल दिला. निपाणीसह २६४ गावे महाराष्ट्रास व २४७ गावे तेव्हाच्या म्हैसूर राज्यास द्यावीत आणि बेळगाव आहे तेथेच राहावे, असे त्याने सुचविले. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला. पुढे २००४ मध्ये महाराष्ट्र शासनाने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. बेळगाव महानगरपालिकेने महाराष्ट्रात जाण्याच्या मागणीचा ठराव केला, तेव्हा २००५ मध्ये राज्य शासनाने ती महानगरपालिकाच बरखास्त केली. स्थानिक संस्थेचा ठराव लोकभावनेचे दर्शन घडवू शकतो. सीमा हलविण्याचे सामर्थ्य त्यात नसते. म्हणून नगरसेवक निवडताना सीमेचा नव्हे तर गटाराचा, पाण्याचा आणि शाळेचा प्रश्न विचारणे यात निष्ठेची काही हानी नाही.

भाषेचा हक्क : आहे किती आणि आहे कोठवर?

सदलग्यात कन्नड आणि मराठी या दोन्ही भाषा पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत आल्या आहेत. याच गावी १९४६ मध्ये एका कन्नडभाषी जैन कुटुंबात जन्मलेले आचार्य विद्यासागर महाराज पुढे ‘मूकमाटी’ हे महाकाव्य हिंदीत लिहितात, यावरून या भूमीची बहुभाषिक प्रकृती ध्यानी येईल. प्रश्न बोलण्याचा नाही. प्रश्न सरकारी कागदाचा आहे.

घटनेच्या ३५० व्या अनुच्छेदाने प्रत्येक व्यक्तीस केंद्राच्या वा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे आपले गाऱ्हाणे, त्या राज्यात वा संघराज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क दिला आहे. म्हणजे चिकोडीच्या कार्यालयात मराठीत लिहिलेले गाऱ्हाणे केवळ भाषेच्या कारणाने परत करता येत नाही. मात्र उत्तरही मराठीतच मिळेल असे हा अनुच्छेद म्हणत नाही. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात तर अर्जाची भाषा स्पष्टच सांगितली आहे : इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा. सदलग्यात हा अर्ज कन्नडमध्ये किंवा इंग्रजी-हिंदीत करावा हेच श्रेयस्कर. मराठीत केल्यास तो अडण्याचा संभव आहे, आणि मग अडवणूक झाली म्हणून आपण उगाच संतापतो.

१९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-क व ३५०-ख हे अनुच्छेद आले. पहिल्याने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयी करण्याचे राज्यांस सांगितले. दुसऱ्याने भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमण्याची तरतूद केली. हा अधिकारी आपला अहवाल राष्ट्रपतींस सादर करतो व तो संसदेपुढे ठेवला जातो. एका वर्गात दहा किंवा संबंध शाळेत चाळीस विद्यार्थी असल्यास मातृभाषेतून शिकविण्याची सोय करावी, हे सूत्र १९४९ मध्येच मान्य झाले होते. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण पंधरा ते वीस टक्के आहे, तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, असे १९५६ च्या केंद्राच्या निवेदनात सुचविलेले आहे. ही आश्वासने मौल्यवान आहेत. परंतु मूलभूत हक्काइतके बळ त्यांस नाही, म्हणून त्यांचा पाठपुरावा लेखी, तारखेसह आणि आकड्यांसह करावा लागतो. ‘आमच्यावर अन्याय होतो’ या वाक्यापेक्षा ‘आमच्या शाळेत इयत्ता चौथीत मराठीचे इतके विद्यार्थी आहेत’ हे वाक्य कार्यालयात अधिक काम करते.

मतदार यादी कोणत्या भाषांत छापावयाची हे निवडणूक आयोग ठरवितो. त्यामुळे मराठीतील यादीची मागणी पुरसभेकडे नव्हे, तर जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांमार्फत आयोगाकडे करावयाची असते.

याबरोबरच एक गोष्ट मोकळेपणाने सांगावीशी वाटते. कन्नड लिपी शिकल्याने मराठी बाटत नाही. ‘चुनावणे’ म्हणजे निवडणूक, ‘मतदारर पट्टी’ म्हणजे मतदार यादी, ‘मतगट्टे’ म्हणजे मतदान केंद्र, ‘पहणी’ म्हणजे साधारणतः आपला सातबारा, एवढे शब्द वाचता आले तरी निम्मे परावलंबन संपते. शिवाय अर्जी, खाते, जमीनु, तालूकु, तकरारु हे कन्नड कार्यालयांतील शब्द मराठी कानास परके कोठे आहेत? आपला कागद दुसऱ्याकडून वाचून घेणारा मनुष्य आपल्या हक्काची किल्ली दुसऱ्याच्या हाती देत असतो.

एका दुसऱ्या सीमेवर

जर्मनीच्या उल्लेखाने आरंभ केला, तेव्हा तेथील सीमाभागाचेही एक उदाहरण पाहू. जर्मनी व डेन्मार्क यांच्यामधील श्लेस्विग प्रांताचा वाद शतकभर चिघळला होता. १९२० मध्ये दोन विभागांत लोकमत घेण्यात आले. उत्तर विभाग डेन्मार्ककडे गेला, त्याच्या दक्षिणेचा जर्मनीकडे राहिला. तरीही दोन्ही बाजूंस थोडेथोडे ‘पलीकडचे’ लोक उरलेच. १९५५ मध्ये दोन्ही देशांच्या सरकारांनी आपापल्या बाजूच्या अल्पसंख्याकांस समान नागरिकत्वाची व भाषेची हमी देणारी निवेदने प्रसिद्ध केली. जर्मनीत संसदेत जागा मिळण्यासाठी पक्षास सामान्यतः पाच टक्के मते लागतात. राष्ट्रीय अल्पसंख्याकांच्या पक्षांस ही अट लागू नाही. त्यामुळे डॅनिश व फ्रिजियन लोकांच्या छोट्या पक्षाचा एक प्रतिनिधी २०२१ मध्ये, आणि पुन्हा २०२५ मध्ये, जर्मन संसदेत निवडून आला.

आपल्याकडे तशी टक्केवारीची अट नाही. तसेच भाषेच्या आधारे सवलतही नाही. येथे एका मतदारसंघात सर्वाधिक मते मिळविणारा निवडून येतो. विखुरलेली आणि आपापसांत फुटलेली मते या पद्धतीत निष्फळ ठरतात. एकीकरण समितीचे दोन आमदार २०१३ मध्ये निवडून आले होते; २०१८ व २०२३ मध्ये एकही आला नाही. म्हणूनच आपल्या भाषेचा आमदार नसतानाही आपले काम करून घेता येणे, ही विद्या सीमाभागात अधिक आवश्यक झाली आहे.

कोणते दार?

आता व्यवहाराचे बोलू. नळ, गटार, दिवे, घरपट्टी यांसाठी पुरसभेचा नगरसेवक व मुख्याधिकारी. जमिनीचा उतारा, उत्पन्नाचा व जातीचा दाखला, निवृत्तिवेतन यांसाठी महसूल खाते, म्हणजे तहसीलदार. अशा ठरावीक सेवांसाठी कर्नाटकात २०११ चा सेवाहमी कायदा आहे. त्याची योजना ‘सकाल’ या नावाने ओळखली जाते, आणि त्या शब्दाचा अर्थ ‘योग्य वेळी’ असा आहे. अर्ज देताना नोंदणी क्रमांकाची पोच मागून घ्यावी. ठरलेल्या मुदतीत काम न झाल्यास विलंबाच्या प्रत्येक दिवसास वीस रुपये, जास्तीत जास्त पाचशे रुपये, भरपाई मागता येते. रक्कम क्षुल्लक आहे. परंतु विलंबाची नोंद होते, हे महत्त्वाचे.

शाळेसाठी पहिले दार शिक्षणाधिकाऱ्याचे नव्हे, शाळेचेच आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यान्वये सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. मराठी शाळेत शिक्षक नाही, इमारत गळते, पुस्तके उशिरा येतात, हे ठरावाने नोंदविण्याचा अधिकार या समितीस आहे. लोकसभेच्या मतासाठी रांगेत उभे राहणाऱ्या किती माता या समितीच्या सभेस जातात, याचा विचार ज्याने त्याने आपल्या गावापुरता करावा. खेड्यांत ग्रामसभा असते. निदान सहा महिन्यांतून एकदा ती भरावयास हवी, आणि तेथे उठून बोलण्यासाठी आमदार असावे लागत नाही.

राज्याचे कायदे, पोलीस, राज्य रस्ते, शिक्षकांची भरती यांसाठी आमदार. केंद्राच्या योजना, रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग यांसाठी खासदार. काही प्रश्न मात्र एका दाराने सुटत नाहीत. दूधगंगेवरचे काळम्मावाडीचे धरण महाराष्ट्रात आहे आणि त्या प्रकल्पाच्या पाण्यात दोन्ही राज्यांचा वाटा आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कृष्णा व तिच्या उपनद्यांच्या काठच्या गावांनी जे सोसले, त्याच्या निवारणासाठी दोन्ही राज्यांच्या जलसंपदा खात्यांत समन्वय लागतो. तेथे सदलग्याच्या आणि कोल्हापूर जिल्ह्यातील नदीकाठच्या गावांनी आपापल्या आमदार-खासदारांस एकाच मागणीचे पत्र देणे, हे दोन राज्यांच्या भांडणापेक्षा अधिक फलदायी होईल. पाण्यास भाषा नसते आणि पुरास सीमा कळत नाही.

नवा नागरिक होणे म्हणजे जुन्या घराचा त्याग करणे नव्हे. सदलग्याच्या ज्या पिढीने १९५६ मध्ये एका रात्रीत राज्य बदललेले पाहिले, ती आता जवळजवळ मावळली आहे. तिच्या नातवंडांचा जन्मच कर्नाटकात झाला. त्यांच्या घरात मराठी आहे आणि हातातील ओळखपत्र कर्नाटकाचे आहे. या दोहोंत विरोध मानण्याचे कारण नाही. ज्यास आपली भाषा टिकवावयाची आहे, त्यास प्रथम आपल्या गावचे शासन समजून घ्यावे लागते. कारण शाळा, यादी आणि कागद यांच्या किल्ल्या तेथेच आहेत. परप्रांती राहणाऱ्या आपल्या वाचकांनीही एखाद्या रविवारी घरातील तरुण मंडळींस जवळ बसवून एवढेच विचारावे : आपला प्रभाग कोणता, नगरसेवक कोण, आपली नावे यादीत नेमकी कोठे आहेत, आणि आपण राहतो त्या राज्याच्या भाषेतील पाण्याचे बिल घरातील कोणास वाचता येते? ज्या प्रश्नाचे उत्तर येणार नाही, तेथून अभ्यासास प्रारंभ करावा.